‘फॉल्स’ म्हणजे चूक नव्हे

प्रश्न : बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत पायथन ही संगणकाची भाषा शिकवते. तिच्यातल्या ‘ट्रू’ आणि ‘फॉल्स’ या किमतींना मुलं ‘बरोबर’ आणि ‘चूक’ म्हणतात. चालेल, की ‘सत्य-असत्य’ म्हणायला लावू?

बाई, दोन्ही नकोत. ‘चूक की बरोबर ते लिहा’ हा प्रश्न सोडवून मुलांना ती सवय लागलेली असते, पण घोटाळा तिथंच होतो. ‘३ > ५’ची किंमत छापायला सांगितली की पडद्यावर ‘फॉल्स’ येतं. मूल म्हणतं, माझं चुकलं, आणि चांगली ओळ खोडून टाकतं. खरं तर यंत्रानं विधान तपासलं आणि ते खोटं ठरवलं, एवढंच. ‘चूक’ हा शब्द एररसाठी, म्हणजे यंत्राला ओळ कळतच नाही किंवा चालवता येत नाही तेव्हासाठी, राखून ठेवा. ‘ट्रू’चं पहिलं इंग्रजी अक्षर लहान लिहिलं तर पायथन ते नावच ओळखत नाही, ती चूक. देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नसल्यानं हे मुलांना मुद्दाम दाखवावं लागतं.

‘सत्य-असत्य’ नेमकं आहे, पण मुलांच्या तोंडी बसत नाही. ‘होय-नाही’ही टाळा, कारण ‘नाही’ आपल्याला ‘नॉट’साठी, म्हणजे किंमत उलटी करणाऱ्या शब्दासाठी, लागतो. ‘नॉट ट्रू’ला ‘खरे नाही’ म्हटलं की लगेच उमजतं.

म्हणून ‘खरे-खोटे’. आपल्या भागात याची आणखी एक सोय आहे. पुस्तकी कन्नडात ‘निज’ म्हणतात, पण बेळगाव-धारवाडकडच्या बोलण्यात ‘खरे’ सर्रास चालतं, त्यामुळे घरी कन्नड बोलणाऱ्या मुलालाही शब्द परका वाटणार नाही. फक्त बोलताना जपा : आपल्याकडे ‘खरं’ म्हणजे ‘पण’सुद्धा. ‘येतो म्हटला खरं आला नाही.’ फळ्यावर ‘खरे’ असंच लिहा.

या दोन किमती बदलता येत नाहीत, म्हणून त्यांना ‘स्थिरांक’ म्हणतात. त्यातला ‘अंक’ इथं शोभतोही. गणिती जॉर्ज बूल यांनी १८५४च्या ग्रंथात खऱ्यासाठी १ आणि खोट्यासाठी ० वापरला. पायथनमध्येही ‘ट्रू + ट्रू’ २ येतात. मायक्रोसॉफ्ट बेसिक या जुन्या संगणकभाषेत मात्र खरे म्हणजे −१, तेव्हा ‘खरे म्हणजे १’ हा सगळीकडचा नियम म्हणून शिकवू नका.

आणि अवतरणचिन्हांत लिहिलेला ‘फॉल्स’ हा स्थिरांक नसतो, ती नुसती अक्षरं. ती रिकामी नाहीत म्हणून अट तपासणारा ‘इफ’ त्यांना खरे धरतो. मुलांकडून हे एकदा करून घ्याच.