गॅरेजमध्ये शहाणी, रस्त्यावर दगाबाज: अशी गाडी विकावी का?

प्रश्न थोडक्यात असा: देवगडात वापरात असलेली 2013 ची पेट्रोल हॅचबॅक. कधी सकाळी सेल्फ मारला की नुसतं 'कट्' होतं, कधी फोंडाघाट चढताना मध्येच बंद पडते आणि अर्ध्या तासाने आपोआप चालू होते. गॅरेजच्या पाच फेऱ्यांत बॅटरी, सेल्फ आणि पेट्रोलचा पंप बदलून झाला, तरी रड तीच. आता विकून टाकू का?

इतक्यात विकू नका. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला यात एक नाही, दोन वेगळे बिघाड दिसतात. सकाळी सेल्फ फिरतच नाही, हा एक. चालती गाडी बंद पडते, हा दुसरा. दोन्ही एकाच तक्रारीत सांगितले की मेकॅनिक एकच औषध शोधतो, आणि पार्ट बदलत राहतात.

आधी सकाळचा. बॅटरी आणि सेल्फ दोन्ही नवे असून 'कट्' होतंय, तर माझा पहिला संशय अर्थिंगवर, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हचा बॉडी-इंजिनशी असलेल्या जोडावर. आषाढात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, तेच गाडीत होतं. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच ओलावा ओढून विरघळतं, आणि समुद्राकाठी पावसाळ्यात आर्द्रता त्याच्या वरच असते. बॅटरीच्या निगेटिव्हवरून बॉडीला आणि इंजिनला जाणाऱ्या केबलच्या थिंबलखाली, म्हणजे टोकाच्या धातूच्या कडीखाली, हे खारं पाणी शिरतं. वरून नट घट्ट दिसतो, खाली गंजाचा पापुद्रा असतो.

गॅरेजवाला टेस्ट लॅम्प लावून 'अर्थिंग ओके' म्हणतो, आणि तो खोटं बोलत नाही. लॅम्पला लागतो जेमतेम अर्धा अँपिअर, सेल्फला सव्वाशे-दीडशे. जोडात एक शतांश ओहमचा अडथळा असला तरी 150 अँपिअरला तिथेच दीड व्होल्ट खर्ची पडतो. दिव्याला हे कळतही नाही, सेल्फचा जीव जातो. म्हणून हा जोड करंट वाहत असतानाच मोजावा लागतो.

साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या, 20 व्होल्ट डीसीवर ठेवा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी आधी मोजा. 12.6 च्या आसपास हवी, 12.4 च्या खाली असेल तर चार्ज करूनच पुढे जा. मग पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा, म्हणजे इंजिन चालू न होता सेल्फ फिरेल. एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह शिशाच्या खुंटावर टेकवा, वरच्या क्लॅम्पवर नाही, नाहीतर खुंट आणि क्लॅम्पमधला गंज मोजण्यातून निसटतो. दुसरी पिन इंजिनच्या उघड्या धातूवर. कुणाला तरी पाच सेकंद सेल्फ मारायला सांगा. आकडा 0.2 च्या आत तर अर्थिंग चांगलं. अर्धा व्होल्ट किंवा जास्त तर चोर सापडला. तसंच पॉझिटिव्ह खुंट आणि सेल्फच्या मोठ्या बोल्टमध्ये मोजा, तिथे 0.5 पर्यंत चालेल. खुद्द बॅटरीच 9.6 च्या खाली जात असेल तर नवी बॅटरीही संशयित. दोन खेपांमध्ये मिनिटभर थांबा, सेल्फ तापतो.

एक अडचण: जोड रोज सारखा वागत नाही. ज्या सकाळी गाडी 'कट्' करेल, त्याच सकाळी मोजलं तर उत्तर लगेच मिळतं. मीटर गाडीतच ठेवा.

दुरुस्ती स्वस्त आहे. निगेटिव्ह आधी सोडायचं, शेवटी जोडायचं. थिंबल आणि बॉडी दोन्हीकडचा रंग-गंज पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, स्प्रिंग वॉशर घालून आवळा, आणि व्हॅसलीन त्यानंतर वरून. केबलचं आवरण थिंबलजवळ फुगलं असेल, किंवा सोलल्यावर तांबं हिरवं-काळं निघालं, तर घासण्यात वेळ घालवू नका. 25 चौरस मिलिमीटरची नवी केबल टाका. बोटींच्या वायरिंगसाठी कथील चढवलेली तांब्याची केबल येते. बंदराजवळच्या दुकानात मिळाली तर तीच घ्या. थिंबल हातोडीने ठोकून नव्हे, प्रेसने बसवून घ्या, वर हीट श्रिंक नळी.

आता घाटातला बिघाड. गाडी बंद पडली कशी, यावर बरंच ठरतं. आधी गचके देत, दम लागल्यासारखी मेली तर पेट्रोल कमी पडतंय. चावी फिरवल्यासारखी फट्कन मेली आणि आरपीएमचा काटा त्याच क्षणी शून्यावर आला, तर क्रँक सेन्सरवर, म्हणजे इंजिन किती फिरतंय हे कॉम्प्युटरला कळवणाऱ्या सेन्सरवर, दाट संशय. हा सेन्सर तापला की त्याच्या आतली तार तुटल्यासारखी वागते, थंड झाला की जुळते. अर्धा तास थांबून चालू होण्याचं कोडं बहुतेक वेळा इथेच सुटतं. टो करून गॅरेजला नेईपर्यंत तो थंड झालेला असतो. पुढच्या वेळी बंद पडली की तिथल्या तिथे सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम बघा. इंजिन फिरतंय आणि आकडा शून्य, म्हणजे सिग्नल येत नाही. मग सेन्सर आणि त्याचा कपलर (वायरिंगला जोडणारा प्लग) दोन्ही तपासायचे. सेन्सर कंपनीचाच घ्या, इथे डुप्लिकेट परवडत नाही.

पंपाकडून असेल तर ऐका: चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोनेक सेकंद बारीक गुणगुण यायला हवी. ती नसेल तर त्याच नंबरचा हॉर्नचा रिले (करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच) पंपाच्या रिलेच्या जागी लावून बघा. पंप नवा आहे, पण कपलर जुनाच असणार. इंजिन चालू असताना कपलरवरचा आकडा बॅटरीच्या आकड्यापेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त खाली असेल तर वायरिंग कुजलंय.

याला कोकणात एक खास कारण असतं, त्यामुळे विचारतो: डिकीतून मासळी नेता का? बर्फाचं खारं पाणी टोपलीतून झिरपून कार्पेटखाली जातं, आणि मागचं वायरिंग तिथूनच जातं. वास गेला तरी मीठ राहतं. कार्पेट उचला; खालचा फोम ओला किंवा पांढरट असेल तर बाहेर काढून गोड्या पाण्याने धुवा, उन्हात कडक वाळवा, आणि कपलर एकेक उघडून बघा. सुरूच्या झाडाखाली गाडी लावत असाल तर काचेच्या बुडाशी साचलेल्या काड्याही काढा. पाण्याची वाट तुंबली की ते केबिनमध्ये, कधी थेट फ्यूज बॉक्सवर उतरतं.

गॅरेजमध्ये जाताना 'बॅटरी बघा, पंप बघा' असं सांगणं बंद करा. पार्टचं नाव तुम्हीच घेतलंत की तोच बदलून मिळतो. जॉब कार्डवर लक्षण लिहून घ्या: 'थंड गाडी, पावसाळी सकाळ, सेल्फ फिरत नाही, डॅशबोर्डचे दिवे मंदावतात.' 'चाळीस मिनिटं चढण, फट्कन बंद, काटा शून्यावर, थंड झाल्यावर चालू.' सोबत तारीख, वेळ, टाकीत पेट्रोल किती, आणि जमलं तर मोबाइलवरचा व्हिडिओ. पहिला बिघाड सकाळचा आहे, तर गाडी आदल्या संध्याकाळी गॅरेजवरच सोडा. स्कॅन होण्याआधी कुणाला बॅटरीची वायर काढू देऊ नका. बऱ्याच गाड्यांत साठलेले कोड आणि त्या क्षणाचे आकडे पुसले जातात.

आणि तपासणीच्या वेळेचे पैसे वेगळे द्यायचं कबूल करा. दोन तास डोकं लावण्याचे पैसे मिळत नसतील तर मेकॅनिक पार्ट विकूनच कमावणार, त्यात त्याचा फारसा दोष नाही. अट एवढीच: एका वेळी एकच पार्ट, बदलण्याआधी मोजलेला आकडा दाखवायचा, जुना पार्ट परत द्यायचा.

विकायचं की नाही हे वायरिंगवरून ठरवू नका, पत्र्यावरून ठरवा. गाडी लिफ्टवर घ्या. दरवाजाखालचे पट्टे, सस्पेन्शन बॉडीला जिथे जोडलंय त्या जागा आणि इंजिनखालची फ्रेम जाड स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबून बघा. टणक लागलं तर खर्च करा. सस्पेन्शनच्या जोडापाशी टोक पत्र्यात घुसलं, तर वर सांगितलेल्या केबलचेही पैसे घालू नका.