आजोबांनी बांधलेले धरण, ग्रामपंचायतीचे पत्र आणि सहहिस्सेदारांची जबाबदारी

प्रश्न : रत्नागिरी जिल्ह्यात आमची आंबा-काजूची बाग आहे. बागेतून जाणाऱ्या पऱ्यावर म्हणजे ओढ्यावर आजोबांनी १९७४ साली स्वखर्चाने मातीचे धरण बांधले. लांबी १६० मीटर, उंची पऱ्याच्या तळापासून सुमारे ९ मीटर आणि जुन्या नकाशाप्रमाणे साठा २४० सहस्र घनमीटर आहे. विमोचकाचा, म्हणजे पाणी सोडण्याच्या मार्गाचा, दरवाजा गंजून कित्येक वर्षे अडकलेला आहे. गेल्या सप्टेंबरात भरावाच्या पायथ्याशी गढूळ पाणी येत असल्याचे खालच्या वाडीतील लोकांनी पाहिले. त्यानंतर ‘धरण धोकादायक असून काही घडल्यास आपण जबाबदार राहाल’ असे पत्र ग्रामपंचायतीने दिले. सातबारावर माझे आणि दोन चुलतभावांचे नाव आहे. ते मुंबईत असतात आणि खर्चाला तयार नाहीत. धरण सुरक्षा कायदा एवढ्या लहान धरणाला लागू नाही असे समजते, शिवाय वाडी धरणानंतर वसली. मग आमची जबाबदारी किती? धरण फोडून टाकावे, की जमीन विकून मोकळे व्हावे?

उत्तर : धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ विषयी आपणांस जे समजले आहे ते बहुधा बरोबर आहे, त्यावरून आपण काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. हा कायदा ‘विनिर्दिष्ट’ धरणांना लागू होतो. पंधरा मीटरपेक्षा उंच असलेले प्रत्येक धरण त्यात येते. दहा ते पंधरा मीटर उंचीचे धरण तेव्हाच येते, जेव्हा त्याची माथ्यावरील लांबी ५०० मीटर किंवा अधिक असते, साठा दहा लाख घनमीटर म्हणजे एक दलघमी किंवा अधिक असतो, महत्तम पूरविसर्ग सेकंदाला २००० घनमीटर किंवा अधिक असतो, किंवा पाया विशेष अडचणीचा अथवा संकल्पन नेहमीपेक्षा वेगळे असते. येथे उंची पऱ्याच्या दिसणाऱ्या तळापासून मोजायची नसते. ती पायाच्या सर्वसाधारण क्षेत्रातील सर्वांत खालच्या भागापासून धरणमाथ्यापर्यंत मोजतात. त्यामुळे आपले ‘९ मीटर’ कागदावर दहाच्या पुढे जाऊ शकते आणि म्हणून अभियंत्याकडून उंची लेखी घ्यावी. तरीही लांबी आणि साठा पाहता आपले धरण या कायद्याबाहेर राहील असेच दिसते. ते बाहेर राहते आकारामुळे, खासगी मालकीमुळे नव्हे.

कायद्याबाहेर राहण्याचा अर्थ एवढाच की पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी करण्याचे, सुरक्षा कक्ष ठेवण्याचे आणि आपत्कालीन कृती आराखडा तयार करण्याचे या कायद्याने मालकावर टाकलेले बंधन आपल्यावर नाही, आणि राज्याच्या धरण सुरक्षा संघटनेचा अधिकारी आपल्या बागेत आपणहून येणार नाही. धरण फुटून कोणाचे नुकसान झाले तर ते कोणी भरून द्यायचे, हा प्रश्न या कायद्यावर अवलंबून नाही. तो नुकसानभरपाईच्या दिवाणी कायद्याचा आहे, आणि योगायोग असा की त्या कायद्यातील सर्वांत प्रसिद्ध खटला आपल्यासारख्याच एका खासगी तलावाचा आहे. इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यात एका गिरणीमालकाने कुशल अभियंता आणि ठेकेदार नेमून तलाव बांधून घेतला. तलावाखाली जुन्या खाणीचे बुजलेले मार्ग होते, त्यांतून पाणी शेजाऱ्याच्या कोळसाखाणीत शिरले. मालकाचा स्वतःचा काही हलगर्जीपणा नव्हता. तरीही १८६८ साली ‘रायलंड्स विरुद्ध फ्लेचर’ या निकालात हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेथील तत्कालीन सर्वोच्च न्यायालयाने, त्याला जबाबदार धरले, कारण सुटल्यास अनर्थ करील अशी वस्तू जो आपल्या फायद्यासाठी जमिनीवर साठवतो, त्याने ती आपल्या जोखमीवर साठवावी.

आपले चुलतभाऊ एखाद्या वकिलाकडे गेले, तर तो १८७४ सालचा ‘मद्रास रेल्वे कंपनी विरुद्ध कार्वेतनगरचे जमीनदार’ हा प्रिव्ही कौन्सिलचा, म्हणजे ब्रिटिश काळातील भारतासाठीच्या सर्वोच्च अपील न्यायालयाचा, निकाल पुढे करील. त्यात जमीनदाराचे तलाव अतिवृष्टीने फुटून रेल्वेचे नुकसान झाले होते आणि हलगर्जीपणा सिद्ध न झाल्यामुळे जमीनदार सुटला. पण तो सुटला याचे कारण असे की ते तलाव देशाच्या सिंचनव्यवस्थेचा जुना भाग होते, आणि ते राखणे हे जमीनदाराचे कर्तव्यच होते. नको म्हणून ते मोडण्याची मुभा त्याला नव्हती. स्वतःच्या आंबा-काजूच्या कलमांसाठी बांधलेल्या धरणाला हा आधार पुरेल असे मला वाटत नाही. आणि पुरला, तरी आपल्या प्रकरणात हलगर्जीपणा सिद्ध करायला वादीला फार श्रम पडणार नाहीत.

कारण ग्रामपंचायतीचे ते पत्र. तो आदेश नाही आणि त्या पत्राच्या जोरावर ग्रामपंचायत आपल्याकडून काहीही वसूल करू शकत नाही. परंतु ते हाती पडल्याच्या तारखेपासून ‘आम्हाला माहीत नव्हते’ हा बचाव संपला. पायथ्याशी स्वच्छ पाणी पाझरणे मातीच्या धरणात अपेक्षित असते. पाणी गढूळ येते तेव्हा ते भरावातील माती सोबत घेऊन येत असते, आत पोकळी वाढत असते, आणि हे कोणत्याही साक्षीदार अभियंत्याला न्यायालयात दोन वाक्यांत सांगता येते. २ जुलै २०१९ रोजी चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटून भेंदवाडीतील घरे आणि माणसे वाहून गेली. ते धरण शासनाचे होते आणि गळतीबद्दल गावकऱ्यांनी आधी तक्रारी केल्या होत्या. त्या वेळी एका मंत्र्यांनी दोष खेकड्यांना दिला होता. खेकडे भराव पोखरतात हे खरे. पण बिळे शोधून बुजवणे हे धरणमालकाचेच काम असते, तेव्हा हा बचाव आपण करू नये. अतिवृष्टीला ‘दैवी आपत्ती’ म्हणण्याचा मार्गही कोकणात अरुंद आहे. जेथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस नेहमीचाच आहे आणि सांडव्यात, म्हणजे जादा पाणी वाहून जाण्याच्या वाटेत, झुडपे माजलेली असतील, तेथे मुसळधार पाऊस अनपेक्षित होता असे म्हणता येत नाही. वाडी नंतर वसली हा मुद्दाही टिकणार नाही. धोक्याजवळ कोणी नंतर राहायला आला म्हणून धोका कायदेशीर होत नाही. जीवितहानी झाली तर भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ म्हणजे हलगर्जीपणाने मृत्यूस कारण होणे, आणि त्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

ग्रामपंचायतीला अधिकार नसले तरी प्रांताधिकाऱ्यांना ते आहेत. कोसळून इजा करण्याचा संभव असलेले बांधकाम काढणे, दुरुस्त करणे किंवा त्यास आधार देणे याबाबत ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली सशर्त आदेश काढू शकतात. जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात आणि २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली प्राधिकरणाने दिलेले निर्देश सबळ कारणाशिवाय झुगारणे हा कलम ५१ प्रमाणे गुन्हा आहे. असा आदेश येण्याची वाट न पाहता आपणच अर्ज करावा असा माझा आग्रह आहे. आपले धरण शासनाच्या यादीत नसल्याने जिल्हा परिषदेचा लघुपाटबंधारे विभाग प्रथम हात झटकेल. म्हणून पाहणीची विनंती कार्यकारी अभियंत्यांना करताना प्रत जिल्हाधिकारी आणि तहसीलदारांना द्यावी आणि प्रत्येक प्रतीवर पोच घ्यावी.

त्यापूर्वी एक कागद तपासावा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे ओढे-नाल्यांचा तळ, त्यावर कोणाची मालकी सिद्ध नसल्यास, शासनाचा असतो. पऱ्याचा तळ आपल्या गटात धरला आहे की गावनकाशात वेगळा दाखवला आहे, आणि १९७४ साली परवानगी घेतली होती का, हे भूमी अभिलेख आणि तहसील कार्यालयातून पाहावे. परवानगी नसेल तर कलम ५० खालील अतिक्रमणाचा प्रश्न उपस्थित होऊ शकतो. या भीतीने अर्जच न करणारे अशील मी पाहिले आहेत. अतिक्रमणाच्या प्रकरणात दंड आणि नियमितीकरण यांची बोलणी होऊ शकतात, धरण फुटल्यावर कशाचीच होत नाहीत.

धरण फोडण्याचा विचार, निदान आपण म्हणता त्या रीतीने, मनातून काढून टाकावा. भरलेल्या धरणाचा भराव जेसीबीने कापला की पाणी त्या चरातून माती नेत चर रुंद करत जाते, आणि जो पूर टाळायचा तोच आपण स्वतः वाडीवर सोडतो. तेव्हा तर तो हलगर्जीपणा न राहता जाणूनबुजून केलेले कृत्य ठरते. दरवाजा अडकलेला असल्याने पाणी पंपाने किंवा सायफनच्या पाइपांनी हळूहळू उतरवावे, ते मार्च-एप्रिलपर्यंत संपवावे, आणि मातीच्या धरणांचा अनुभव असलेल्या अभियंत्याच्या लेखी सल्ल्याने सांडव्याचा उंबरठा खाली घेऊन येत्या पावसाळ्यात तलाव भरणारच नाही अशी व्यवस्था करावी. कायमचे मोडायचे की दुरुस्त करायचे, हे त्यानंतर निवांत ठरवता येईल. विहिरी आटतील म्हणून वाडी हरकत घेईल; परंतु निश्चित प्रवाहमार्ग नसलेल्या भूगर्भातील झिरपावर वहिवाटीने सुविधाधिकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीतून लाभ घेण्याचा हक्क, मिळत नाही, असे भारतीय सुविधाधिकार अधिनियमाचे कलम १७ सांगते. वाडीतील कोणी वीस वर्षांहून अधिक काळ उघडपणे, हक्काने, आपल्या धरणाच्या पाटाचे पाणी घेत असेल, तर मात्र कलम १५ चा प्रश्न येतो आणि त्याच्याशी आधी बोलणी करावी लागतील.

चुलतभावांनी हे समजून घ्यावे की वाटप झालेले नसताना नुकसानीची जबाबदारी संयुक्त आणि पृथक् असते. वादी पूर्ण रक्कम कोणा एकाकडून, आणि साहजिकच ज्याची मुंबईत सदनिका आहे त्याच्याकडून, वसूल करू शकतो. त्यांना स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह नोटीस पाठवावी : सोबत ग्रामपंचायतीच्या पत्राची प्रत, अभियंत्याचा अंदाज आणि पंधरा दिवसांची मुदत. तातडीच्या कामासाठी त्यांच्या संमतीची वाट पाहू नये. खर्चाच्या पावत्या जपून ठेवल्यास करार अधिनियमाच्या कलम ७० च्या आधारे त्यांच्या हिश्श्याची रक्कम मागता येते.

विक्रीबद्दल थोडक्यात : मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे, खरेदीदाराला सहज न दिसणारा मोठा दोष विक्रेत्याने सांगितलाच पाहिजे. उन्हाळ्यात कोरड्या दिसणाऱ्या पायथ्याची गळती हा असाच दोष आहे. खरेदीखतात तो लिहून, ग्रामपंचायतीचे पत्र जोडून, जो ग्राहक मिळेल त्याला जरूर विकावे.