कोविडमध्ये डेक्सामेथासोन (हे एक स्टेरॉइड) सौम्य आजारात का देत नाहीत?

ऑक्सिजन लागत नसेल तर त्याचा फायदा दिसलाच नाही, म्हणून. ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत (२०२०) डोस होता रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत २८ दिवसांतले मृत्यू नेहमीच्या उपचारांत ४१.४ टक्के, औषध दिल्यावर २९.३, नुसत्या ऑक्सिजनवर २६.२ आणि २३.३. ऑक्सिजन न लागणाऱ्यांत मात्र उलट, १४ आणि १७.८ (फरक योगायोगाचाही असेल, पण औषध द्यायला आधार उरत नाही). सुरुवातीला विषाणू वाढत असतो, तेव्हा स्टेरॉइड प्रतिकारशक्तीच दाबतं. पुढे फुप्फुसांना सूज येते, तिथे ते कामाला येतं. शिवाय साखर भडकते. २०२१ मध्ये आपल्याकडे म्युकरमायकोसिस (काळी बुरशी) फोफावला, त्यामागे अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा बेसुमार वापर होता. ताप आहे पण ऑक्सिजन ९७, तर ही गोळी मनाने सुरू करू नका.