ऐतिहासिक संगीतिकेत इतिहास कितपत बदललेला चालतो?

प्रसंगांचा क्रम आणि काळ बदलला तर माझी हरकत नाही. अडीच तासांत गाणीही बसवायची, तर वर्षं दाबावीच लागतात. माणसाचा स्वभाव किंवा त्याच्या कृत्याची जबाबदारी बदलली, की मात्र खटकतं.

अमेरिकेच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या अलेक्झांडर हॅमिल्टनवरची ‘हॅमिल्टन’ (२०१५) ही संगीतिका घ्या. त्यात अँजेलिका स्कायलर अविवाहित आहे आणि बहिणीसाठी हॅमिल्टनवर पाणी सोडते. प्रत्यक्षात तिचं लग्न १७७७ मध्येच झालं होतं, त्याची ओळख नंतरची. वडिलांना मुलगा नाही असं ती गाते, पण तिला चक्क भाऊ होते! तरी मला हे पटतं, कारण दोघांच्या पत्रांतला जिव्हाळा खरा आहे आणि त्या गाण्याला पेच हवाच होता. राजकीय प्रतिस्पर्धी आरन बर याच्याशी हॅमिल्टनचं झालेलं द्वंद्वही १८०० च्या अध्यक्षीय निवडणुकीला जोडून दाखवलंय. ते झालं १८०४ मध्ये, न्यूयॉर्कच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीनंतर. हेही चालेल.

न पटणारी गोष्ट वेगळीच आहे. स्कायलर कुटुंबाकडे गुलाम होते, रंगमंचावर मात्र ते जवळजवळ दिसतच नाहीत. त्यामुळे नायक आणि त्याची सासरची माणसं आहेत त्यापेक्षा उजळ ठरतात. इथे वेळेची सबब मला मान्य नाही.

‘साउंड ऑफ म्युझिक’ या संगीतिकेत ऑस्ट्रियातलं ट्रॅप कुटुंब नाझींपासून वाचायला डोंगर ओलांडून पळतं. खरं तर ते आगगाडीने इटलीला गेले. पण आगगाडीवर शेवटचा पडदा कोण पाडणार?