तांड्याची गाडी
वाचकांचे प्रश्न : एसटीतून निवृत्त झालेल्या वाहतूक नियंत्रकाची उत्तरं

प्रश्न : भाऊ, नमस्कार. मी सांगते आहे आणि माझी मुलगी लिहून घेते आहे. आमचा तांडा फाट्यापासून ४ किलोमीटर आत आहे. आधी सकाळ-संध्याकाळ लाल गाडी तांड्यापर्यंत यायची. दोन पावसाळ्यांपूर्वी नाल्यावरचा पूल वाहून गेला आणि गाडी बंद झाली. मागच्या उन्हाळ्यात पूल नवा बांधला, गाडी काही आली नाही. मुलगी अकरावीला आहे, कॉलेज तालुक्याला. जीपवाला एका बाजूचे ३० रुपये घेतो, तेही जीप भरली तरच आत येतो. पैसे नसले की ती पायी फाट्यावर जाते, परतताना अंधार होतो. हिचे बाबा म्हणतात, बारावी नको, स्थळ बघू. सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत. त्यांना एसटी फुकट आहे, पण दवाखान्यात न्यायला गाडी तांड्यात यायला तर हवी. ड्रायव्हर-कंडक्टरला सांगितलं, निवडणुकीला आलेल्यांना सांगितलं. आता काय करायचं?
– एक आई, यवतमाळ जिल्हा

उत्तर : ताई, तोंडी सांगितलेलं आगारात पोचत नाही. चालक-वाहक आज तुमच्या मार्गावर असतात, उद्या दुसऱ्या. पूल पडला तेव्हा गाडी बंद झाल्याची नोंद झाली असणार. पूल झाला हे कुणी लेखी कळवलं नसेल, तर त्या कागदावर तुमचा पूल अजून पडलेलाच आहे.

दुसरी अडचण नावाची. बरेच तांडे स्वतंत्र महसुली गाव नसतात, शेजारच्या मोठ्या गावाच्या गट ग्रामपंचायतीत असतात. फाट्यावरचा थांबा त्या मोठ्या गावाच्या नावाचा. मग वेळापत्रक बघणाऱ्याला वाटतं, या गावाला दिवसाला सहा गाड्या आहेत, यांची तक्रार कसली? म्हणून अर्जात मोठ्या गावाचं नाव पुढे करू नका. तांड्याचं नाव लिहा, फाट्यापासूनचं अंतर लिहा, घरं किती ते लिहा.

आता भारमानाचं सांगतो, कारण ‘तिकडे प्रवासीच नाहीत’ हे उत्तर तुम्हाला मिळू शकतं. गाडीतल्या किती जागा भरल्या, त्याचं शेकड्यातलं प्रमाण म्हणजे भारमान. त्यात गाडीत चढलेला माणूस मोजला जातो. गाडी नाही म्हणून शाळा सोडलेली मुलगी त्यात कुठेच दिसत नाही. हे मला फार उशिरा कळलं. मी नियंत्रक असताना एका वस्तीची फेरी रिकामी जायची. भारमान खाली, डिझेल तेवढंच. फेरी बंद करावी असा शेरा मी माझ्या हातानं लिहिला आणि ती बंद झाली. काही महिन्यांनी तिथले मुख्याध्यापक स्थानकावर भेटले. म्हणाले, ‘साहेब, शाळा साडेदहाला भरते आणि तुमची गाडी पावणेबाराला यायची. पोरी बसणार कशा?’ वस्तीवरच्या पाच मुली पायी येत होत्या, त्या बंद झाल्या होत्या. मग वेळ बदलून पावणेदहाची फेरी मागितली, ती मिळाली आणि भरून जाऊ लागली. पाचातल्या तिघी परत आल्या. दोघींची लग्नं झाली होती. त्यानंतर एखाद्या फेरीविषयी लिहायच्या आधी मी त्या मार्गावरच्या शाळेची वेळ विचारत आलो.

तेव्हा अर्जाला एक यादी जोडा : तांड्यातून रोज कोण, कुठे, किती वाजता जाईल. शाळा-कॉलेजची मुलं-मुली, दूध घालणारे, बाजाराला जाणाऱ्या बाया, दवाखान्याचे म्हातारे. कॉलेजच्या प्राचार्यांकडून भरण्या-सुटण्याच्या वेळेचं पत्र घ्या. ग्रामपंचायतीचा ठराव घ्या. पूल आणि रस्ता जड वाहनाला चालतो असं बांधकाम विभागाकडून लेखी आणा. रस्ता जिल्हा परिषदेचा असेल तर त्यांच्या बांधकाम विभागाकडून. तांड्यात गाडी वळवायला मोकळी जागा कुठे आहे तेही लिहा. चालक ४ किलोमीटर मागे रेटत गाडी आणणार नाही.

मागणी लहान ठेवा. नवीन गाडी मागू नका. फाट्यावरून जाणारी सकाळची एक आणि संध्याकाळची एक फेरी आत वळवा, एवढंच मागा. जाऊन-येऊन ८ किलोमीटर वाढतात, २०-२५ मिनिटं जातात. हे आगार व्यवस्थापकाच्या आवाक्यातलं असतं. अर्ज त्यांच्या नावे, प्रत विभाग नियंत्रकांना, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारखेसह पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. महिन्याभरात उत्तर नाही आलं, तर माहितीच्या अधिकारात त्या अर्जाचं काय झालं ते विचारा. शुल्क १० रुपये. दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

पत्रात तालुक्याचं नाव नाही, म्हणून हेही सांगतो. मानव विकास कार्यक्रमात राज्यातले १२५ मागास तालुके आहेत आणि तिथे मुलींना शाळेत नेण्यासाठी वेगळ्या निळ्या गाड्या दिलेल्या आहेत. तुमचा तालुका त्यात आहे का, ते पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांना विचारा. असेल तर अर्जाची एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयातही द्या.

हिच्या बाबांना पैशाचा हिशेब दाखवा. ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे. तुम्हाला स्वतःला १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. सासूबाईंना ७५ पूर्ण झाली म्हणून तिकीटच नाही, ही सवलत २६ ऑगस्ट २०२२ पासून आहे; आधार कार्ड जवळ ठेवायचं. जीपला मुलीचे दिवसाचे ६० म्हणजे सहा दिवसांच्या आठवड्याला ३६० रुपये जातात. गाडी आत आली तर हे सगळे घरात राहतात. आणि ताई, गाडी येईपर्यंतच्या महिन्या-दोन महिन्यांत तिचं कॉलेज सुटू देऊ नका. त्याच वाटेनं जाणाऱ्या आणखी दोघी-तिघी असतील, त्यांनी एकत्र निघावं. संध्याकाळी घरातल्या कुणीतरी आळीपाळीनं फाट्यावर जावं. अवघड आहे, मला ठाऊक आहे.

अर्ज मुलीच्याच हातानं लिहा. तिचं अक्षर स्वच्छ आहे, कारकुनाला वाचायला अडचण येणार नाही. खाली तांड्याच्या नायकांची सही घ्या, तुमची घ्या, आणि सासूबाईंचा अंगठाही.