सी ड्राइव्ह भरलाय, पण मोठ्या फाइली सर्चमध्ये दिसत नाहीत?

सांगली मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढीवरच्या कॉम्प्युटरबद्दल तुम्ही विचारलंय: बिलांचं सॉफ्टवेअर 'जागा नाही' म्हणतं आणि स्टार्टच्या सर्चमध्ये काहीच सापडत नाही. तिथं सापडणारही नाही. तो सर्च इंडेक्समधून, म्हणजे विंडोजनं आधीच करून ठेवलेल्या फाइलींच्या यादीतून शोधतो आणि सिस्टिमच्या लपवलेल्या फाइली त्यात सहसा नसतात.

फाइल एक्सप्लोरर उघडा. विंडोज ११ असेल तर वरच्या तीन टिंबांतून ऑप्शन्स, १० असेल तर व्ह्यू टॅबमधून. आतल्या व्ह्यू टॅबवर 'शो हिडन फाइल्स' निवडा आणि खालची 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स' ही टिक काढा. बहुतेक जण पहिलंच करतात आणि इथंच अडतात. दुसरी टिक राहिली की सिस्टिम फाइली झाकलेल्याच राहतात. शेजारच्या सर्च टॅबवर 'इन्क्लूड सिस्टिम डिरेक्टरीज' लावा. मग सी ड्राइव्हमध्ये जाऊन शोधा, साइझमध्ये 'ह्यूज' घ्या, म्हणजे १ ते ४ जीबीच्या फाइली येतील. त्याहून मोठ्यांसाठी 'जायगँटिक'. वेळ लागेल, हिरवी पट्टी पूर्ण होऊ द्या.

बहुधा हायबरफिल (hiberfil.sys, हायबरनेट करताना रॅममधलं काम साठवणारी फाइल) आणि पेजफाइल (pagefile.sys, रॅम कमी पडली की विंडोज वापरतं ती फाइल) दिसतील. ८ जीबी रॅमवर हायबरफिल साधारण ३ जीबीची असते. दोन्ही हातानं डिलीट करू नका, विंडोज करूही देणार नाही. हायबरनेट (काम जसंच्या तसं साठवून मशीन बंद करायची सोय) बंद केलं की पहिली आपोआप जाते, मात्र फास्ट स्टार्टअप, म्हणजे मशीन लवकर चालू होण्याची सोयही जाते. पेजफाइलला हात लावू नका, कमी रॅमवर बिलं अडकतील.

काम झालं की 'हाइड प्रोटेक्टेड'ची टिक परत लावा. पेढीवर चार जण मशीन वापरतात.