काय वाटंनाच झालंय

‘आई गेली तरी मला रडू आले नाही, माझ्यात काही कमी आहे का?’ हा प्रश्न या ना त्या रूपात समुपदेशक म्हणून माझ्याकडे वरचेवर येतो. येथे सांगते ती हकिकत बेळगावातील एका गृहस्थांची आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय पन्नाशीच्या अलीकडे, नोकरी उद्यमबागेतील एका कारखान्यात. आईने वडगावात मागावर साड्या विणून त्यांना वाढवले होते. ती गेल्यावर बाराव्यापर्यंतची सगळी व्यवस्था त्यांनी एकहाती पाहिली, मात्र तिचे माग असलेले जुने घर विकावे की ठेवावे, हे पुढच्या आठ महिन्यांत त्यांना ठरवता आले नाही. भाव, भाडे, व्याज यांचे आकडे मांडलेली वही पहिल्याच भेटीत माझ्यासमोर ठेवून ते म्हणाले, “मॅडम, हिशेब सगळा बरोबर हाय, पण काय वाटंनाच झालंय बघा.” पत्नी त्यांना रागाच्या भरात दगड म्हणाली होती, आणि त्यांना ते पटलेही होते.

अशा वेळी नैराश्य तर नाही ना, हे आधी पाहावे लागते. त्यांना मी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले. तसे काही आढळले नाही. (नैराश्यावरील काही गोळ्यांनीही काही जणांच्या भावना बोथट होतात. तसे जाणवल्यास डॉक्टरांना सांगावे, गोळी परस्पर बंद करू नये.)

मला त्यांच्या तक्रारीतला शब्दच महत्त्वाचा वाटला. मराठीत दुःख ‘वाटते’ आणि घर ठेवावेसेही ‘वाटते’. भावना आणि कौल यांना आपण एकच क्रियापद वापरतो. मेंदूतज्ज्ञ अंतोनियो दामासियो यांनी एका रुग्णाचे वर्णन केले आहे. मेंदूच्या पुढच्या भागातील गाठ काढल्यानंतर त्याची बुद्धी आणि स्मरणशक्ती शाबूत होती, परंतु स्वतःची वाताहत तो परक्याची गोष्ट सांगावी तशी सांगे आणि साध्या निर्णयांतही तासन्‌तास अडकून पडे. माझ्या या गृहस्थांच्या मेंदूला काही इजा नव्हती. तरीही वहीतले सगळे पर्याय त्यांना सारख्याच वजनाचे दिसत होते, कारण ते वजन आकड्यांतून नव्हे, भावनेतून येते.

भावना असूनही तिला शब्द न सापडणे या अडचणीला मनोविकारतज्ज्ञ पीटर सिफ्निऑस यांनी १९७० च्या दशकात ‘अ‍ॅलेक्सिथायमिया’ हे नाव दिले. तो शिक्का मी त्यांच्यावर मारला नाही. वडील लवकर गेलेल्या घरात थोरल्या मुलाने रडायचे नसते, हे ते दहाव्या वर्षीच शिकले होते, एवढे मला पुरेसे होते. ‘काय वाटते?’ हा आम्हा समुपदेशकांचा आवडता प्रश्न अशा माणसापुढे निरुपयोगी ठरतो. म्हणून त्यांना त्याच वहीत दिवस, ठिकाण आणि शरीरात काय झाले, एवढेच टिपायला सांगितले.

दोन आठवडे ‘काही नाही’ एवढेच लिहिलेले होते. तिसऱ्या आठवड्यात एक नोंद आली: ‘मंगळवार. खासबाग. मागाचा आवाज. गाडी बाजूला घेतली. गळा.’ गळ्याचे काय, असे विचारल्यावर ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग आई दुपारी माग थांबवून त्यांना जेवायला हाक मारायची, ते सांगू लागले. सांगताना आवाज दोनदा फुटला.

घराचा निर्णय अजून झालेला नाही. मात्र गेल्या रविवारी ते पत्नीला घेऊन तिकडे गेले, कुलूप उघडले आणि मागावरची धूळ दोघांनी मिळून झाडली.